कथा कोणी सांगितली?

नित्य परिचयातील वस्तूलाही इतिहास असतो, ही गोष्ट मनुष्याच्या सहसा ध्यानात येत नाही. जाते, पाळणा, देव्हाऱ्यातील समई ही जशी घरात असतात म्हणून असतात, तशीच आजीची गोष्ट. दिवेलागणीनंतर ती सांगितली जाते, ऐकता ऐकता मूल झोपी जाते, आणि पुढे तेच मूल म्हातारे झाले म्हणजे तीच गोष्ट आपल्या नातवंडास सांगू लागते. रामायण-महाभारतास टीकाकार मिळाले, पुराणांस पुराणिक मिळाले. परंतु आटपाट नगराच्या राजाची आणि त्याच्या आवडत्या-नावडत्या राण्यांची विचारपूस करावी असे कोणा पंडितास शेकडो वर्षे वाटले नाही. ह्या क्षुल्लक मानलेल्या वाङ्मयाचे शास्त्र होऊ शकते, ही कल्पना अवघी दोनशे वर्षांची आहे. आज दैवतकथा व लोककथा हा विषय विश्वविद्यालयांतून शिकविला जातो. त्याची परिभाषा आहे, त्यात पंथ आहेत, आणि पंथ म्हटले की वाद आलेच.

ह्या शास्त्राचा इतिहास सांगण्याची एक ठरीव रीत आहे. जर्मनीतील ग्रिमबंधूंपासून आरंभ करावा, मग मॅक्समुल्लर व बेन्फाय, मग फिन्लंडचे वर्गीकरण, मग रशियन प्रॉपचे पृथक्करण, अशा क्रमाने एकाचे मत मांडावे आणि दुसऱ्याने ते कसे खोडले ते सांगावे. सत्राच्या अखेरीस विद्यार्थ्यांच्या हाती मतांची एक लांबलचक यादी पडते. यादी खोटी नसते. मात्र तिच्यातून एक माणूस हटकून गळलेला असतो. ज्याने कथा सांगितली तो, आणि पुष्कळदा जिने कथा सांगितली ती. ह्या लेखात आम्ही तोच इतिहास त्या गळलेल्या माणसाच्या बाजूने पाहणार आहोत. तसे पाहिले असता काही जुनी मते निराळ्या प्रकाशात दिसतात, आणि आपल्या महाराष्ट्र-गोमंतकाचा ह्या शास्त्राशी असलेला संबंधही अधिक स्पष्ट होतो.

जर्मनीतील कासेल हे नगर १८०७ साली फ्रेंचांनी निर्माण केलेल्या वेस्टफेलिया राज्याची राजधानी झाले, आणि नेपोलियनचा धाकटा भाऊ जेरोम तेथील गादीवर बसला. त्याच नगरात याकोब व विल्हेल्म ग्रिम हे दोघे बंधू हलाखीत दिवस काढीत होते. १८०८ साली याकोबाने जेरोमच्याच ग्रंथालयात चाकरी पत्करली. राज्य परक्याचे, दरबारची भाषा परक्याची, अशा वेळी आपले म्हणून काय उरले आहे, असा प्रश्न विचारी माणसास पडतो. ग्रिमबंधूंस त्याचे उत्तर जुन्या काव्यांत, म्हणींत आणि चुलीपुढच्या गोष्टींत सापडले. त्यांच्या कथासंग्रहाचा पहिला भाग १८१२ च्या डिसेंबरात व दुसरा १८१५ साली निघाला. विल्हेल्म हा त्यावर आयुष्यभर हात फिरवीत राहिला, आणि १८५७ सालच्या सातव्या आवृत्तीत दोनशेहून अधिक कथा होत्या.

ह्या कथा जर्मन खेडुतांच्या तोंडून जशाच्या तशा टिपून घेतल्या आहेत, असा समज संग्राहकांच्या प्रस्तावनांमुळे पसरला. १८१९ च्या आवृत्तीत डोरोथेआ फीमान ह्या वृद्धेचे चित्र छापले होते, आणि तिची स्मरणशक्ती किती पक्की होती ह्याची प्रस्तावनेत वाखाणणी होती. जर्मन शेतकरीण ती हीच, असे वाचक समजून चालले. परंतु फीमान ही खाणावळवाल्याची मुलगी व एका शिंप्याची बायको होती, आणि तिचे पूर्वज फ्रान्समधून धर्मच्छळामुळे जर्मनीत आलेले प्रॉटेस्टंट निर्वासित होते. प्रवासी, गाडीवान, शिपाई ज्या खाणावळीत उतरत तेथेच तिचे बालपण गेले. तेव्हा तिच्यापाशी गोष्टींचा साठा होता ह्यात नवल नाही. पहिल्या भागातील कित्येक कथा तर कासेलमधील सुशिक्षित घरांतील तरुण मुलींनी सांगितल्या होत्या. त्यांपैकी हासेनफ्लुग कुटुंब हेही मूळचे फ्रेंच, आणि त्यांच्या घरात फ्रेंच भाषा चालत असे. शार्ल पेरोने १६९७ साली पॅरिसमध्ये छापलेल्या कथा अशा घरांस परिचित असणे अगदी स्वाभाविक होते. विल्हेल्मचा मुलगा हर्मान ह्याने काही कथा एका म्हाताऱ्या मोलकरणीच्या नावावर घातल्या होत्या. त्या वस्तुतः मारी हासेनफ्लुग ह्या तरुणीच्या होत, हे हाइन्त्स रोलेके ह्या पंडिताने १९७५ साली दाखवून दिले. म्हणजे जर्मन आत्म्याचे निर्मळ दर्पण म्हणून जो ग्रंथ मिरविला गेला, त्यात परदेशांतून आलेल्या घराण्यांचा वाटा मोठा होता.

ह्यावरून ग्रिमबंधूंस लबाड ठरविण्याची घाई कोणी करू नये. त्यांनी जे जपले ते त्यांच्यावाचून राहिलेच नसते. तथापि कथा घेताना त्यांनी जे केले त्याचा एक नमुना ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीचा द्वेष करणारी राणी ही तिची सख्खी आई होती. १८१९ मध्ये ती सावत्र आई झाली. हान्सेल व ग्रेटेल ह्या भावंडांस रानात सोडून देण्याचा आग्रह धरणारी त्यांची आईही पुढील आवृत्त्यांत सावत्र झाली. आईची पवित्रता राखण्यासाठी संपादकाने हा फरक केला. त्याचा हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? परंतु दुष्काळात, उपासमारीत आईबापेही मुलांविषयी काय विचार करू शकतात, हे सांगणाऱ्यांस जे कडू सत्य ठाऊक होते, ते त्या एका शब्दाने झाकले गेले. आणि सावत्र आईच्या माथी जगभर जे खापर फुटत आले आहे, त्यात आणखी एकाची भर पडली. कथा शुद्ध करू जाणाऱ्याने कथेचे काय होते, ह्याचा हा धडा आहे.

ग्रिमबंधूंचे अनुकरण युरोपात सर्वत्र झाले. १८४६ साली विल्यम टॉम्स ह्याने लंडनच्या एका साप्ताहिकात टोपणनावाने पत्र लिहून ह्या विद्येस ‘फोकलोअर’ हे नाव सुचविले; आपण लोकसाहित्य, लोकविद्या असे शब्द वापरतो त्यांच्यामागे तो शब्द आहे. फिन्लंड हा देश त्या वेळी रशियाच्या अमलाखाली होता. तेथील एलियास लोनरोट नावाचा वैद्य पायी हिंडून जुनी गीते जमवीत असे. ती गुंफून त्याने १८३५ साली ‘कालेवाला’ हे महाकाव्य प्रसिद्ध केले आणि १८४९ साली ते वाढवून २२,७९५ ओळींचे केले. १९१७ मध्ये फिन्लंड स्वतंत्र झाला, त्याच्या कितीतरी आधी ह्या काव्याने त्या लोकांस आपण एक राष्ट्र आहोत ही भावना दिली होती. लोनरोटचे नाव शाळकरी पोरांसही पाठ असते. परंतु १८३४ साली त्यास चार हजारांवर ओळी गाऊन दाखविणारा आर्हिप्पा पेर्त्तुनेन हा शेतकरी फिन्लंडबाहेर कितीजणांस माहीत आहे?

आता आपल्या देशाकडे वळू. थिओडोर बेन्फाय ह्या जर्मन संस्कृतज्ञाने १८५९ साली पंचतंत्राचे भाषांतर दोन खंडांत प्रसिद्ध केले, आणि त्याच्या विस्तृत प्रस्तावनेत असा सिद्धान्त मांडला की, पशुपक्ष्यांच्या कित्येक नीतिकथा ग्रीसकडून आल्या असल्या, तरी युरोपातील अद्भुतकथा बहुतांशी हिंदुस्थानातूनच गेल्या आहेत. हे मत आपल्या अभिमानास गोड वाटावे असेच आहे, आणि त्यातील एक भाग निर्विवादही आहे. पंचतंत्राचा प्रवास हा वाङ्मयाच्या इतिहासातील एक मोठा चमत्कार होय. सहाव्या शतकात इराणचा बादशहा खुस्रो नौशेरवान ह्याच्या कारकीर्दीत बुर्झोय नावाच्या वैद्याने त्याचे पहलवीत रूपांतर केले. त्यावरून सिरियाक भाषेत एक भाषांतर झाले, आणि इसवी सन ७५० च्या सुमारास इब्न अल्-मुकफ्फा ह्याने अरबीत ‘कलीला व दिमना’ लिहिले. आपले करटक व दमनक हे कोल्हे ते हेच. अरबीवरून हिब्रू, हिब्रूवरून तेराव्या शतकात कापुआच्या योहानाचे लॅटिन, लॅटिनवरून जर्मन आणि इतर भाषा, इटालियनमध्ये डोनीचा १५५२ चा ग्रंथ, आणि त्यावरून १५७० साली टॉमस नॉर्थचा इंग्रजी, अशी ही परंपरा आहे. फ्रेंच कवी ला फोंतेन ह्याने १६७८ साली आपल्या कथाकाव्यांच्या दुसऱ्या संग्रहात पिल्पाय नावाच्या हिंदी ऋषीचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. उलट दिशेनेही वाहतूक होतीच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरास सरफोजीराजांच्या आश्रयाने इसापाच्या कथा मराठीत उतरल्या, आणि ग्रीसचा कोल्हा कावेरीच्या काठी मराठी बोलू लागला.

परंतु ह्यावरून जगातील सगळ्याच कथा आमच्या, असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. जोसेफ बेदिये ह्या फ्रेंच विद्वानाने १८९३ साली बेन्फायच्या मताची कसून तपासणी केली आणि दाखविले की, साध्या कथांच्या बाबतीत मूळ गाव शोधणे हे पुष्कळदा व्यर्थ असते. त्या कोठेही जन्मू शकतात. शिवाय पंचतंत्राहून कितीतरी जुन्या कथा मिसर देशाच्या पपायरसांवर लिहिलेल्या सापडल्या आहेत. आणि आमच्या मते ह्या प्रवासाचे खरे महत्त्व मालकीत नाहीच. हिंदू ग्रंथ इराणी वैद्याने नेला, इराणात जन्मलेल्या मुसलमान लेखकाने अरबीत आणला, ज्यू पंडिताने हिब्रूत घेतला, ख्रिस्ती झालेल्या ज्यूने लॅटिनमध्ये उतरविला. प्रत्येकाने त्यात आपल्या पदरचे काही घातले. आपल्या पंचतंत्रात बैलाचा घात करविणारा दमनक सुखाने मंत्रिपद भोगतो. अरबी ग्रंथात त्याच्यावर खटला चालतो आणि त्यास शिक्षा होते. हे प्रकरण इब्न अल्-मुकफ्फाने घातले असे विद्वान मानतात. विष्णुशर्म्याला राजपुत्रांस राजनीती शिकवावयाची होती. अरबी लेखकास न्यायावाचून कथा संपविणे रुचले नसावे. कथा ज्याच्या तोंडी जाते त्याची ती होते, ह्याचे हे ग्रांथिक उदाहरण आहे.

मॅक्समुल्लरचा पंथ ह्याहून निराळा. १८५६ सालच्या आपल्या निबंधात त्याने असे प्रतिपादिले की, दैवतकथा हा भाषेचा एक विकार होय. प्राचीन आर्य सूर्य, उषा, आकाश ह्यांविषयी जे रूपकाने बोलत, त्याचा अर्थ पुढे लोपला आणि शब्दांच्या देवता झाल्या. वेदांतील द्यौष्पितर्, ग्रीकांचा झ्यूस आणि रोमनांचा ज्युपिटर ही एकाच नावाची रूपे, हा शोध आजही पक्का आहे. परंतु त्याच्या अनुयायांस जेथे तेथे सूर्यच दिसू लागला, तेव्हा १८७० साली डब्लिनच्या एका महाविद्यालयीन मासिकात एका गृहस्थाने त्याच पद्धतीने खुद्द मॅक्समुल्लर हीच एक सूर्यकथा असल्याचे सिद्ध करून दाखविले! पुढे अँड्रू लँगने ह्या मताचा पाया चांगलाच खिळखिळा केला. ह्या साऱ्या वादात कथा सांगणारास कोणी साक्षीस बोलाविले नाही. आपण सूर्यास्ताचे वर्णन करीत आहो, हे त्या बिचारीस कोठे ठाऊक होते?

वाद असा रंगात असतानाच आपल्याकडे एक अपूर्व गोष्ट घडली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर १८६५-६६ च्या हिवाळ्यात दख्खनच्या दौऱ्यावर होते. त्यांची मुलगी मेरी हिचे वय तेव्हा वीस वर्षांचे होते. तळावर वेळ जाईना म्हणून तिने आपल्या आयेस गोष्ट सांगण्याची गळ घातली. ह्या आयेचे नाव ॲना लिबराटा डिसूझा. तिचे घराणे मूळचे लिंगायत. आजोबांच्या वेळी ते गोव्याकडे येऊन ख्रिस्ती झाले होते. नवरा लवकर वारल्यामुळे इंग्रजांच्या घरी चाकरी करून तिने मुले वाढविली. लहानपणी आजीपाशी ऐकलेल्या गोष्टी ती आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगे. मेरी त्या टिपून घेई, नीट लिहून काढी आणि तपशील बरोबर उतरला की नाही हे पाहण्यासाठी पुन्हा तिला वाचून दाखवी. ह्या चोवीस कथांचे पुस्तक १८६८ साली लंडनला निघाले. हिंदुस्थानात लोकांच्या तोंडून जमविलेल्या कथांच्या इंग्रजी संग्रहांत ते अगदी पहिल्या रांगेत बसते. कलकत्त्यास मेव्ह स्टोक्सचे, लालबिहारी दे ह्यांचे, पंजाबात स्टील व टेंपल ह्यांचे संग्रह निघाले ते त्यानंतर, पुढील दोन दशकांत.

ह्या पुस्तकाची खरी नवलाई त्याच्या आरंभी आहे. तेथे ॲनाने स्वतःची हकीकत सांगितली आहे, आणि मेरीने ती तिच्याच बोलीत, तिच्याच चुकांसह छापली आहे. आजी कशी होती, घरची माणसे कोणाच्या चाकरीत होती, पूर्वी पैसा थोडा पण स्वस्ताई कशी होती, हे सारे ती बोलते. गव्हर्नरच्या मुलीच्या पुस्तकात आयेने महागाईचे गाऱ्हाणे सांगावे आणि ते छापले जावे, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती. ग्रिमबंधूंनी फीमानचे चित्र दिले. मेरी फ्रीअरने ॲनाचा आवाज दिला. तो पुरता दिला असे मात्र म्हणवत नाही. हकीकत बोलीत राहिली, पण कथा मेरीच्या नीटनेटक्या इंग्रजीत गेल्या, आणि मुखपृष्ठावर नाव एकटीचेच आले.

त्या संग्रहात पंचकिन नावाच्या जादूगाराची कथा आहे. त्याचा प्राण त्याच्या शरीरात नसतो. दूर जंगलात ताडांचे रिंगण, मध्ये एकावर एक रचलेल्या पाण्याच्या सहा घागरी, खालच्या घागरीखाली पिंजरा आणि पिंजऱ्यात एक हिरवा पोपट. त्या पोपटात त्याचा प्राण. पोपटाचा पंख तुटला की जादूगाराचा हात गळतो, आणि मान मुरगळली की तो मरतो. महाराष्ट्रात असे घर विरळा, जेथे पोपटात प्राण असलेल्या राक्षसाची गोष्ट कोणी ऐकली नाही. नॉर्वेच्या कथेत राक्षसाचे काळीज एका बेटावरच्या देवळातील विहिरीत पोहणाऱ्या बदकाच्या अंड्यात असते. रशियातील कोश्चेयचा मृत्यू सशातील बदकाच्या अंड्यातील सुईत असतो. आणि ब्रिटिश म्यूझियममध्ये असलेल्या, तीन हजारांहून अधिक वर्षे जुन्या मिसरी पपायरसात दोघा भावांची जी कथा आहे, तीत धाकटा भाऊ आपले काळीज एका झाडाच्या फुलावर ठेवतो. जेम्स फ्रेझरने आपल्या प्रसिद्ध ग्रंथात, ज्याची पहिली आवृत्ती १८९० ची, देहाबाहेर ठेवलेल्या प्राणाच्या विवेचनात पंचकिनास मानाचे स्थान दिले. पंचकिन असा युरोपच्या पंडितसभेत जाऊन बसला. त्याला तेथवर नेणारी ॲना मात्र तळटीपेतही क्वचितच आढळते.

कथांचे हे साम्य जगभर इतके दिसू लागले, तेव्हा त्यांची मोजदाद करणे ओघानेच आले. १८९३ साली मॅरियन कॉक्स ह्या विदुषीने सिंडरेलाच्या कथेची ३४५ रूपे एकत्र केली. नवव्या शतकातील एका चिनी ग्रंथात ये-श्येन नावाच्या मुलीची हीच कथा आहे, तेव्हा पेरोच्या आधी आठशे वर्षे ती पूर्वेकडे लिहिली गेली होती. फिन्लंडच्या अँटी आर्नेने १९१० साली कथाप्रकारांची क्रमवार सूची केली. अमेरिकेच्या स्टिथ टॉम्सनने ती १९२८ व १९६१ साली वाढविली, आणि हान्स-यॉर्ग उथर ह्याने २००४ साली तिचे पुन्हा संस्करण केले. ह्या सूचीत पोपटातल्या प्राणाचा क्रमांक ३०२, सिंडरेलाचा ५१० आहे. व्लादिमीर प्रॉपने १९२८ साली रशियन अद्भुतकथांचे पृथक्करण करून सिद्ध केले की, पात्रे कितीही बदलली तरी घटनांचे प्रकार एकतीसच आणि त्यांचा क्रम ठरलेला. वनस्पतिशास्त्रात जे कार्य लिनियसने केले तेच ह्या मंडळींनी येथे केले, आणि त्याचा उपकार मोठा आहे. क्रमांक नसते तर नॉर्वेचा राक्षस आणि दख्खनचा जादूगार एकमेकांस कधी भेटलेच नसते.

तथापि क्रमांकात न मावणारे पुष्कळ उरते. चिमणीचे घर मेणाचे व कावळ्याचे शेणाचे, ही गोष्ट घ्या. सूचीत तिला कोणतीही संख्या द्या. ती जेव्हा भुकेल्या मुलास भरविताना सांगितली जाते, तेव्हा चिऊताई दार उघडण्यास किती वेळ लावणार, हे ताटात किती घास उरले आहेत ह्यावर ठरते. बाळाचे न्हाणे, पुसणे, तीट लावणे एकामागून एक वाढत जाते. ही लांबण कथेचा दोष नव्हे. तीच तेथे कथा आहे. वाळवून पुस्तकात दाबून ठेवलेल्या फुलावरून जात कळते, वास कळत नाही.

ही उणीव पुढे शास्त्रानेच ओळखली. मार्क आझादोव्स्की ह्या रशियन पंडिताने १९२६ साली सायबेरियातील नताल्या विनोकुरोवा ह्या एकाच गरीब कथेकरणीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि तिच्या आयुष्याचा ठसा तिच्या प्रत्येक कथेवर कसा उमटला आहे ते दाखविले. मिलमन पॅरी ह्या अमेरिकन प्राध्यापकाने १९३३ ते १९३५ ह्या काळात युगोस्लाव्हियात जाऊन गवयांची गीते ध्वनिमुद्रित केली. अव्दो मेदेदोविच ह्या निरक्षर खाटकाने त्यास बारा हजारांहून अधिक ओळींचे एक वीरगीत सांगितले. तेव्हा होमराने लिहिता येत नसताना इलियड कसे रचले असेल, ह्या जुन्या प्रश्नावर निराळाच प्रकाश पडला. पॅरीचा शिष्य आल्बर्ट लॉर्ड ह्याने १९६० साली ह्याचे विवेचन प्रसिद्ध केले. ज्याचे उत्तर ग्रंथालयात शतकभर सापडले नव्हते, ते एका गाणाऱ्यासमोर बसून ऐकल्याने सापडू लागले.

आपल्याकडेही ह्या वाटेने चाललेली माणसे आहेत. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या जमविल्या. दुर्गाबाई भागवतांनी १९५६ साली लोकसाहित्याची शास्त्रशुद्ध रूपरेषा मराठीत प्रथम नीट मांडली. सरोजिनीबाई बाबर ह्यांनी गावोगावचे धन एकत्र केले. हेमा राईरकर व गी प्वातव्हँ ह्यांनी पुणे जिल्ह्यातील व इतर भागांतील बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांत गाणारीचे नाव व गाव नोंदविण्याची काळजी घेतली. आमच्या दृष्टीने ही नोंद लहानसहान बाब नाही. फीमानच्या चित्रापासून आणि ॲनाच्या हकीकतीपासून जी वाट निघाली ती येथे येऊन पोहोचली आहे. पीठ पडले, जाते थांबले, गिरणी आली. पण कोणत्या गावच्या कोणत्या बाईने कोणती ओवी गायिली हे आता पुसले जाणार नाही.

ह्या विषयाचे सत्र संपले म्हणजे ‘आता पुढे काय वाचावे’ असे विद्यार्थी विचारतात. वाचण्यास पुष्कळ आहे, आणि वर त्यातले काही आलेही आहे. परंतु आमची सूचना निराळी असते. सुटीत घरी गेल्यावर घरातील किंवा शेजारच्या एका वृद्ध माणसाकडून एक कथा ऐकावी आणि ती जशी सांगितली तशी उतरून घ्यावी. सांगणाराचे नाव, वय, गाव लिहावे; त्याने ती कोणाकडून, केव्हा, कोणते काम चालू असता ऐकली ते विचारावे; आणि नाव छापावे की नाही हेही त्यालाच विचारावे. बोली सुधारू नये. आई दुष्ट असेल तर तिला सावत्र करू नये. कथेत एखादे अभद्र किंवा जातीच्या अहंकाराचे बोल असतील तर त्यांवर आपले मत खाली वेगळे लिहावे, पण मूळ बोल पुसू नयेत. कारण ते पुसले तर उद्याचा अभ्यासक आपल्या समाजाला आहे त्यापेक्षा सोज्ज्वळ समजून बसेल. मेरी फ्रीअरपाशी कागद आणि दौत एवढेच होते. पॅरीस अवजड यंत्रे गाडीतून न्यावी लागली. आज आवाज टिपणारे यंत्र बहुतेकांच्या खिशात असते. अडचण साधनांची राहिलेली नाही. तासभर स्वस्थ बसून ऐकण्याची आहे.

आणि ही घाई आम्ही उगाच करीत नाही. ए. के. रामानुजन ह्यांनी प्रसिद्ध केलेली एक कानडी लोककथा आहे. एका बाईस एक गोष्ट आणि एक गाणे येत असे, पण ती ते कोणालाही सांगत नसे. आत कोंडून ती दोन्ही गुदमरून गेली. एके दिवशी बाई तोंड उघडे ठेवून झोपली असता गोष्ट निसटून बाहेर पडली आणि दाराशी जोडा होऊन बसली. गाणे पुरुषाचा अंगरखा होऊन खुंटीस लटकले. नवऱ्याने परका जोडा व अंगरखा पाहून संशय घेतला, भांडण केले आणि तो मारुतीच्या देवळात निजावयास गेला. तेथे रात्री गावातील मालवलेल्या दिव्यांच्या ज्योती गप्पा मारण्यास जमत. त्याच्याच घरच्या ज्योतीने उशिरा येऊन खरा प्रकार सांगितला. नवरा खजील होऊन घरी आला आणि त्याने बायकोस ती गोष्ट व ते गाणे विचारले. तोपर्यंत ती दोन्ही विसरून गेली होती. कसली गोष्ट आणि कसले गाणे, असे तिनेच त्याला उलट विचारले.

विचारण्यास त्या नवऱ्याला एकच रात्र उशीर झाला होता. आपल्या घरांतून ज्यांच्यापाशी अजून गोष्ट आहे, त्यांस ती आजच विचारावी.